उंबरा आणि काच

मांडवीला २००३ साली घर बांधायला काढलं, तेव्हा वासंतीनं एका बाबतीत कुणाचं म्हणून ऐकलं नाही. पडवीचं समुद्राकडचं दार पूर्ण काचेचं, आणि काच टफनच, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली. फुटलीच तर तिचे खडीसाखरेसारखे दाणे होतात, सुऱ्या होत नाहीत, हे तिनं वाचून ठेवलं होतं.

"घर आहे की बँक गो?" नवरा, भास्कर, चिडवायचा.

"अण्णा कसे धाडकन आत येतात, माहीत आहे ना? त्यांना दार दिसतं कुठं?"

अण्णा म्हणजे तिचे वडील, पावसचे महिपतराव. हापूसची कलमं बांधावीत तर त्यांनीच. त्यांच्या वाडीत दिवसाउजेडी कुणाचं दार लोटलेलं नसे. अंगणातूनच ते "वासंते, हायस काय गो?" अशी हाळी देत, आणि हाळी विरायच्या आत माजघरात पोचलेले असत.

माप गेलं, काच कोल्हापूरला भट्टीत पडली. मधल्या दिवसांत वासंतीला दाराला उंबरा नाही हे खुपायला लागलं. हळदकुंकू वाहायचं कुठं? तिनं सुताराकडून छानसा सागवानी उंबरा बसवून घेतला. त्यानं दाराची उंची खाल्ली, हे काही लक्षात आलं नाही. काच आली ती उंबऱ्याच्या उंचीइतकी जास्त लांब!

"खालून जराशी कापा की," ती काचवाल्या बाळाला म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आठवलं. भट्टीतून निघालेली काच कापता येत नाही, हेही तिनं वाचलं होतं.

"उंबरा काढूया वयनी. नायतर नवी मागवूया, पण थांबायला लागंल."

वास्तुशांत परवावर आलेली. बसवलेला उंबरा उपटायला तिचं मन होईना.

"आत्तापुरती साधी लावा. नंतर बदलू."

ती साधी काच तिनं स्वतः पुसली, इतकी लख्ख, की समुद्र पडवीत आल्यासारखा वाटावा. वास्तुशांतीला अण्णा फणस घेऊन आले. हाळी दिली, उंबरा बघून जपून पाय उचलला, आणि थेट काचेतून आत आले.

डॉक्टरांनी उजव्या हाताच्या शिरा शिवल्या, पण दोन बोटं वाकडीच राहिली. कलम बांधायची पट्टी त्यांना धरवेना. "बांधली तेवढी पुष्कळ झाली गो," अण्णा म्हणाले. तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटतं.

टफन काच नंतर लागली. नजरेच्या उंचीवर तिनं रुंद पट्टाही चिकटवला. रोज उंबऱ्याला हळदकुंकू वाहताना मात्र तिचा हात थबकतो.

अण्णा येणार असले की ती सकाळपासून दार सताड उघडं ठेवते. पण हाळी आता येत नाही. अण्णा उंबऱ्यापाशी थांबतात, वाकडी बोटं पुढं करून मोकळी हवा चाचपतात, आणि ती आतून "या ना अण्णा, उघडं आहे," म्हणेपर्यंत बाहेरच उभे राहतात.