पूजेतल्या घोड्या

माझा थोरला भाऊ भगवंत. वारूळवाडीला रस्त्याकडेला त्याचं गॅरेज होतं. मी दिलेली पिंपळवंडीला, पण दसऱ्याला माहेरी यायचे. ही शहाण्णव सालच्या दसऱ्याची गोष्ट.

गाडी पुढून उचलायची दादाची एक रीत होती आणि ती तो कुणासाठी मोडत नसे. आधी जमीन सपाट बघायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे. मग ट्रॉली जॅक मधोमध आडव्या लोखंडाखाली. तेलाच्या चेंबरखाली कधीच नाही. गाडी वर आली की दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या ठेवून वजन त्यांच्यावर सोडायचं. गाडी हातानं हलवून बघायची आणि मगच खाली शिरायचं. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो, असं तो गिऱ्हाइकालाही सांगायचा. लोक हसायचे, म्हणायचे, भगवंतराव गाडी उचलत्यात का लगीन लावत्यात.

हे सगळं त्यानं गोरखला शिकवलं. गोरख म्हणजे दादाच्या बायकोचा, आमच्या अश्विनीवहिनीचा भाऊ. सहा वर्षं हाताखाली होता, मग दादानं त्याला धंद्यात भागीदार करून घेतलं.

खंडेनवमीला हत्यारं रॉकेलनं धुऊन पूजेत मांडली. चांगला जॅक, दोन्ही घोड्या, पाने, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडू. दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. एक जुना जॅक तेवढा तेल गळतं म्हणून बाहेर राहिला होता.

दुपारी गोरखच्या ओळखीचा माणूस फियाट घेऊन आला. पुढच्या चाकाचा ब्रेक धरला होता आणि आत आजारी म्हातारी, पुण्याला न्यायची. दादा आधी नको म्हणाला. मग म्हातारीकडं बघून गोरखला म्हणाला, "देवीला हात जोड आन जॅक, पाने, घोड्या घेऊन ये. अडल्याला मदत केली तर ती रागवत न्हाई."

गोरख आत गेला आणि दोन पाने तेवढे घेऊन आला. घोड्या म्हणे मागनं आणतो, जॅक हा बाहेरचाच चालंल. दादानं नट ढिले केले, गाडी वर घेतली, चाक काढलं आणि हात पुसायला गेला. परत आला तर गोरख म्हणाला, "लावल्या घोड्या, दादा. जा खाली."

बाहेर लख्ख ऊन, गाडीखाली अंधार. म्हातारी कण्हत होती. दादानं त्या एका दिवशी गाडी हलवून बघितली नाही. पाच मिनिटांत जॅक बसला. ब्रेकचा ड्रम त्याच्या उजव्या हातावर आला. तीन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी पूजा हलवायला मी गेले. दोन्ही घोड्या पाटावर जशाच्या तशा होत्या. त्यांच्यावरचे झेंडू, वाहिलेल्या अक्षता, काही हललं नव्हतं.

दादा दवाखान्यातून घरी येईपर्यंत गावभर झालं होतं, भगवंतनं पूजेतल्या घोड्या काढल्या म्हणून देवी कोपली. हे गोरखनं सांगितलं होतं. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या माझ्या भावाबद्दल.

भेटायला माणसं बसलेली असताना दादानं त्याला विचारलं, "गोरख, घोड्या कुठं व्हत्या?"

गोरखनं खाली बघितलं. "लावल्या व्हत्या, दादा. तुमीच सांगितल्या काढायला."

मी मग बोलले. पाटावर काय पाहिलं ते सगळं सांगितलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. पूजा मांडताना त्याही होत्या आणि हलवताना माझ्याबरोबर ताट धरून त्याच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "वन्सं, मला काय आठवत न्हाई. माझ्या भावाला खोटं पाडू नका."

दादा बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. गोरखकडं त्यानं इतका वेळ बघितलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "मला काय म्हणायचं ते म्हणा. देवीला मधी आणू नका. तिनं माझा हात घेतला न्हाई."

गॅरेज गोरखनंच चालवलं. दादा नारायणगावला कासमभाईंच्या टायरच्या दुकानात बसायला लागला. डबा वहिनीच करून द्यायच्या आणि तो न्यायचाही. दोन हजार पाच साली गेला, तोवर दोघं एकाच घरात राहिली. पण त्या दिवसानंतर दादानं वहिनींना कधी काही विचारलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी नाही.