सासऱ्यांच्या अंगणात थांबलेला ट्रक

आमच्या ट्रकचा ब्रेक अंबरनाथला दाबावा, तेव्हा तो बदलापूरला थांबायचा. त्या दिवाळीत बायकोला माहेरी सोडायला गेलो आणि सासऱ्यांच्या अंगणात थांबायच्या ऐवजी थेट पेंढ्याच्या उडवीत घुसलो. बाहेर आलो तो अंगावर एवढा पेंढा घेऊन, की त्यांची म्हैस मला चाटायला आली.

सासरे रागावले नाहीत. म्हणाले, "जावयबापू, पोरगी हितंच ऱ्हाऊ द्या. ह्यो डबा माझ्या दारात धड उभा ऱ्हायला, की घेऊन जा."

लग्न नवं होतं. अंबरनाथच्या खोलीत परतलो, तर चूलसुद्धा माझ्याशी बोलेना.

ट्रक लढाईतला, भंगारात निघालेला. मी आणि माझ्या सिंधी भागीदाराने मिळून घेतला होता. बदलापुरातून नदीची रेती उल्हासनगरात न्यायची. मी चालवायचो, तो दुरुस्त करायचा. ब्रेकला जोर देणारा पत्र्याचा एक गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिन डब्यातली हवा ओढून घेतं आणि त्या ओढीने आतला दट्ट्या ब्रेकवर जोर लावतो. दट्ट्याच्या कडेला चामड्याची वाटी असते. ती वाळली, हवा शिरली, की जोर गेला. आमची वाटी पापडासारखी भाजून खाता आली असती.

उल्हासनगरात, निर्वासितांच्या कॅम्प एकमधल्या त्याच्या बराकीसमोर आम्ही डबा उघडला. तसं चांगलं चामडं बाजारात मिळेना. भागीदार आत गेला आणि एक चामडी बॅग घेऊन आला. फाळणीत घरदार सिंधमध्ये राहिलं होतं, तेवढी बॅग हाताला लागली होती. त्याने तिच्या झाकणाला कात्री लावली.

"अरे, ही नको!"

"क्यों नको? बॅग में अब क्या भरूं, साईं? अब मेरे को किधर जाना है? तेरी बायको घर आनी चाहिए, बस."

मी बॅग ताणून धरली. कात्रीचा आवाज कॅम्प चारपर्यंत गेला.

चामडं भिजवून दट्ट्यावर ताणलं, वाटीच्या आकारात वाळवलं. आता त्याला तेल पाजायचं. भागीदार दुकानातून आणायला निघाला, पण मी कोकणातला. आमच्यात केसांना, कुलपाला, दुखऱ्या कानाला, सगळ्याला खोबरेल. "खोबरेलच!" मी ठणकावलं. चामडं तुकतुकीत झालं. जोडाला लाख लावली, इंजिन चालू केलं आणि पेटती उदबत्ती जोडाभोवती फिरवली. कुठे फट असली तर धूर आत ओढला जातो. धूर सरळ वर गेला. भर दुपारी ब्रेक असा लागला, की भागीदाराची टोपी एकटीच पुढे अंबरनाथला जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं निघालो. थंडी अशी, की तोंडातला शब्द खाली पडून फुटायचा. रस्त्यात चिटपाखरू नाही. ब्रेक दाबायची वेळच आली नाही. ती आली अंगणात. पेडल दगड झालं होतं. उडवी नुकतीच नव्याने रचली होती.

बायको धावत आली. मला पेंढ्यातून ओढता ओढता तिने माझ्या हातांचा वास घेतला.

"ब्रेकच्या डब्यात खोबरेल घातलंत?"

"अस्सल!"

तिने आतून आपली तेलाची बाटली आणली आणि उलटी धरली. थेंब पडेना. तेल पांढरंशुभ्र थिजलं होतं.

"ऊन आल्याशिवाय माझी वेणी होत नाही. त्या डब्याने काय करावं?"

भागीदार पेंढ्यातच बसून हसला. "भाभी, इसको छोड़ो. मेरी पार्टनर तुम बनो."

अंगणातच डबा उघडला, रॉकेलने धुतला. तिने घरातलं तिळाचं तेल दिलं. ते काही थिजलं नव्हतं. पुन्हा लाख, पुन्हा उदबत्ती.

ओसरीवरून सासरे म्हणाले, "पूजा झाली आसंल तर नारळ फोडू? का आता नारळाचं नाव नगं?"

एक परीक्षा उरली होती. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. डबा धड असेल तर पेडल आपसूक खाली जातं. बायको म्हणाली, पाय मी ठेवते. चप्पल काढून ती वर चढली. मी शेजारून इंजिन चालू केलं.

"गेलं," ती हळूच म्हणाली. "माझ्या पायाखाली श्वास घेतल्यासारखं झालं."

मग मी ट्रक बांधापर्यंत मागे नेला आणि अंगणाकडे सोडला. समोर बघतो तर सासरे उडवीच्या पुढे येऊन उभे, हाताची घडी घालून. बायको ओरडली, भागीदाराने डोळे मिटले. मी ब्रेक दाबला.

ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

त्यांनी बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ काढलाच नाही. बायको बोचकं घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली, तेव्हा ते खिडकीशी आले.

"ब्रेक येवढा चांगला बसवायला नको व्हता, जावयबापू," ते म्हणाले, आणि लेकीच्या पदराला लागलेली पेंढ्याची काडी काढत राहिले.