जांभळ्या लुगड्याची मधली घडी

लुगडे खिडकीसमोर धरले आणि जांभळ्या रेशमातून दुपारचे ऊन थेट माझ्या मनगटावर उतरले. तसे ते उतरायला नको होते.

देवासला माझे जुन्या साड्यांचे दुकान आहे. साड्या विकत घेते, धुते, दुरुस्त करते आणि पुन्हा विकते. हे नऊवारी लुगडे धारच्या मुक्ताची ऑर्डर होती. चार दिवसांनी तिचे लग्न होते. नवे रेशीम तिच्या अंगाला सोसत नाही, पुरळ उठते. म्हणून तिला लहानाची मोठी करणाऱ्या आत्याबाईंनी वापरून मऊ झालेले रेशीम मागितले होते. अट एकच घातली होती. “नवरीच्या अंगावर सांधलेलं नको. अखंड हवं.”

ते मला राजगढच्या बाजारात मिळाले होते. स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणारी एक बाई आपले गाठोडे सोडून बसली होती.

“पल्लो देखो दीदी, किनार देखो. असो माल अब कां मिले!”

पदर पाहिला. जरीची तार काळवंडली नव्हती. काठ चिमटीत धरून ओढला. धागा कुरकुरला नाही. मग रेशीम नाकाशी नेले, आणि तिथेच माझा धंदा संपला. केवडा, कापूर आणि कुठल्याशा लाकडी पेटीतला थंडगार अंधार. रंग तर पिकल्या जांभळाचा, ओठांवर उतरेल असा. मधली घडी मी उलगडलीच नाही.

लुगडे टोकांकडून म्हातारे होत नाही. त्याचा मधला भाग काष्ट्यात, म्हणजे पायांमधून मागे नेऊन खोचला जातो. बसण्याउठण्याचा सारा ताण तोच सोसतो. तिथले रेशीम विरून धुक्यासारखे झाले होते. रफू म्हणजे धाग्यात धागा विणून भोक बुजवणे. पण त्याला भोवती शाबूत धागे लागतात. इथे ते नव्हते. आतून कापड लावले असते तर कुणाला दिसले नसते. मात्र मुक्ता पाटावर बसताच ते भर मांडवात फाटले असते.

मी फोन केला. दुसऱ्या दिवशी आत्याबाई मुक्तासह बसने आल्या.

“जुन्या कपड्यांचं दुकान तुमचं, आणि घडी मोडून पाहिली नाहीत?”

“चुकलं, आत्याबाई. वासाला भुलले.”

“वास नेसायचा होता का तिला?”

मुक्ताने तोवर पदर गालाशी धरला होता. “आत्या, कितना सॉफ्ट है! मला हेच हवंय.”

“तू गप्प बस. मध्ये चाळण झालीय.”

आत्याबाईंनी विरलेल्या भागावरून तळवा फिरवला, बराच वेळ. खाली रस्त्यावर कुणीतरी ‘ओ भिया’ म्हणून हाक मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दंड घालावा लागेल,” त्या म्हणाल्या.

दंड घालणे म्हणजे झिजलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही चांगली टोके एकमेकांना शिवायची. मी ते फक्त ऐकून होते.

“पण अखंड हवं होतं ना तुम्हाला?”

“हवं होतं. माझ्या लग्नात नव्हतं, म्हणून.” त्यांचा आवाज अगदी खाली आला. “आईनं स्वतःच्या लुगड्याला दंड घातला आणि मला नेसवलं. सांधा काष्ट्यात गेला. मांडवात कुणाला कळलं नाही. मला मात्र दिवसभर तो कळत होता.”

मुक्ता त्यांच्याजवळ सरकली. “टोचत होता?”

आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “नाही गं. टोचत नव्हता मुळीच.” मग माझ्याकडे वळून, “सुई द्या. रेशमी दोरा द्या. आणि बघत बसा, तुमच्या कामाचं आहे.”

दीड हात रेशीम कापले गेले. मुक्ता ठेंगणी, तिला उरले तेवढे पुरले. आत्याबाईंनी कडा एकमेकींत अशा दुमडल्या, की डोळे मिटून बोट फिरवले तरी उंचवटा लागेना.

लग्नात मुक्ता पाटावर बसली तेव्हा मी मागेच उभी होते. सनईत, अक्षतांत, मोगऱ्याच्या दरवळात मी एकच आवाज ऐकायला कान लावले होते. रेशीम फाटल्याचा. तो आला नाही. पुरळही उठले नाही.

विकणारा पदर दाखवतो. मी आता आधी मधली घडी उलगडते. वास मागाहून घेते.