मोत्या मजेत हाय

त्या हिवाळ्यात आमचं श्वानपथक काश्मीरमधल्या एका डोंगरी पोस्टवर होतं. मी हवालदार, सुरुंग हुंगणाऱ्या कुत्र्यांचा हँडलर, गाव नेर. आमच्या गाडीचा ड्रायव्हर शिपाई प्रवीण, गाव कळंब. इतक्या लांब वऱ्हाडीत बोलायला माणूस मिळाला, म्हणून आमचं जमलं.

सकाळी सहाला फॉल-इन, मग कुत्र्यांचं ग्रूमिंग, मग रोड ओपनिंग, म्हणजे गाड्या सुटण्याआधी रस्ता सुरुंगांसाठी हुंगून काढणं. लसीच्या दिवशी प्रत्येक कुत्रा डॉक्टरसाहेबांसमोर उभा. एकही सुटत नसे. प्रवीण हसायचा.

"उस्ताद, काय बडदास्त हाय हो ह्या कुत्र्यायची! आमच्या मोत्यानं आजवर सुई पाह्यली नाही."

"मंग टोचून घे त्याले."

"कायले? घरचा हाय तो."

घरचा! या शब्दाचा मला आजही संताप येतो. रेबीज काय दारात उभा राहून विचारतो, येऊ का म्हणून?

प्रवीण रजेवर गेला आणि त्याच मोत्यानं त्याच्या हाताला चावा घेतला. आईनं जखमेत तिखट भरलं. साबण-पाणी नाही, दवाखाना नाही. दुसऱ्या दिवशी रजा संपली, गडी निघाला. युनिटमध्ये अवाक्षर बोलला नाही. रजेवरून आल्या आल्या एम. आय. रूमची, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याची पायरी चढणारा कामचोर ठरतो. शिवाय लसीच्या दिवशी ऐकलेलं डॉक्टरसाहेबांचं अर्धंच बोलणं त्याच्या डोक्यात राहिलं होतं: चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, तो जगला तर रेबीज नाही. सुया मात्र लगेच सुरू करा, हे त्यानं कानाआड केलं. म्हणून रोज फोनवर बायकोला विचारायचा, "मोत्या कसा हाय?"

"मजेत हाय."

मोत्या चौथ्या दिवशीच मेला होता. पण फौजीच्या घरात रीत असते, पोस्टवरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. म्हैस मेली तरी सांगत नाहीत, मग कुत्र्याचं कोण सांगतं?

पुढच्या महिन्यात बर्फानं रस्ता बंद झाला. प्रवीणला ताप होता, हाताला मुंग्या येत होत्या. दुपारी मी पाण्याचा मग्गा पुढे केला. ओठांशी नेताच त्याचा गळा आवळला. मग्गा हातातून पडला.

"उस्ताद, तहान लागली हाय. पेताच येत नाही."

तेव्हा कुठे त्यानं चावल्याचं सांगितलं. मी रेडिओ सेट घेतला.

"कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"गोळी की माइन? ओव्हर."

"कुत्रा चावलाय. ओव्हर."

सेटवर कोणीतरी हसलं. तो आवाज मी आजही ओळखेन आणि माणूस भेटला तर कानाखाली वाजवीन.

हेलिकॉप्टर आलं. पण लक्षणं दिसल्यावर डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. प्रवीणनं हॉस्पिटलात जीव सोडला. शेवटपर्यंत पाणी मागत होता.

त्याला घेऊन मी कळंबला आलो. वहिनींनी मला गाठलं.

"भाऊजी, मीच म्हटलं मजेत हाय म्हणून. तिकडं बर्फात त्यायले घोर कायले लावाचा? खरं सांगतलं असतं तर वाचले असते का हो?"

त्यानं लगेच सुया घेतल्या असत्या. मी म्हटलं, "हो."

लोक म्हणाले, हवालदार दगडाच्या काळजाचा हाय. म्हणू देत. एका गोड खोट्यानं माणूस गेला होता, दुसरं मी बोलणार नव्हतो.

आता रिटायर झालोय. कळंबला लसीचं शिबिर लागलं की टेबलाशी उभा राहतो आणि भांडतो. "आमचा चावत नाही हो", "सुईनं मरगळते", दरवेळी तेच रडगाणं. अरे, तुमची लेकरं त्याच्या तोंडाला तोंड लावतात ना?

पहिलं कुत्रं वहिनी आणतात. माझ्याशी बोलत नाहीत. सुई टोचेपर्यंत त्याचं डोकं मांडीत घट्ट धरतात.

गावच्या स्मारकावर प्रवीणचं नाव नाही. त्याला गोळी लागली नव्हती ना. म्हणून शिबिराआधी मीच ते मोठ्यानं घेतो. तेवढ्यापुरत्या वहिनी माझ्याकडे बघतात.