जाऊबाईंचा हात

"भीती वाटली की मला हसूच येतं, त्याला मी काय करू?" असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हापासून शिवणखान्यात तिचं नाव हसरी पडलं. सुई बोटात घुसली तरी हसायची, मास्तर ओरडले तरी हसायची. सासरे गेले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात तिला असंच हसू फुटलं. थोरल्या जाऊबाईंनी ते कधी पोटात घातलं नाही. दोघी एका घरात राहायच्या, एका बाकावर बसून काजं करायच्या, तरीही.

शिवणखान्याची सहल राष्ट्रीय उद्यानात गेली. उघड्या जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या.

"हसरे, वाघ आला तर त्याला दात दाखव," मास्तर म्हणाले. "पळून जाईल बिचारा."

वाघ दिसला नाही. वळणावर हत्तीण उभी होती, पायांशी पिल्लू. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि मान न वळवता पुटपुटला, "हूं की चूं करू नका."

हत्तीण कान पसरून पुढे आली. हसरी घाबरली, आणि त्या भीतीतून, नेहमीसारखंच, हसू वर सरकू लागलं. तिने ओठ आवळले. खांदे हलायला लागले. घशातून बारीकसा आवाज निघाला, तोच जाऊबाईंचा तळवा तिच्या तोंडावर बसला. नाकावरही.

सोंड बॉनेटवर फिरत होती. हिसडा दिला तर जीप हादरेल, म्हणून हसरी हलली नाही. छाती आतून धडका देत होती. भरलेल्या डोळ्यांना एवढंच दिसलं: हत्तीण वळली, पिल्लाला ढकलत झाडीत शिरली, फांद्या मिटल्या. ड्रायव्हरने सुस्कारा टाकला. हात तसाच होता. उलट आणखी घट्ट. इंजिन सुरू झालं तेव्हा कुठे तो सुटला.

उपाहारगृहात सगळ्यांना कंठ फुटला.

"मी तोंड दाबलं म्हणून वाचलो," जाऊबाई चहा ओतत म्हणाल्या.

"हत्तीण गेल्यावरही दाबलंत, ताई?" हसरीने विचारलं.

जाऊबाईंनी कप तिच्यापुढे सरकवला. "तुझा काय भरवसा? घे, गरम आहे तोवर."

सगळे हसले. "आता हास की, हसरे," मास्तर म्हणाले. "आता कोण अडवतंय?"

तिने गाल चाचपला. बोटांचे वळ अजून दुखत होते. संध्याकाळी जाऊबाईंच्या त्याच हाताने घराची कडी आतून लागणार होती. भीती वाटली. हसू आलं नाही. तिने कप तसाच ठेवला, खुर्ची मागे सारली आणि दाराबाहेर निघून गेली.