जावयाचा उजवा पाय

“पिवळा दिवा लुकलुकला ना, की समजायचं गाडी घाबरली,” जिजू त्यांच्या चुलतभावांना सांगत होते. “मग हे बटण दाबायचं आणि तिची भीती घालवायची.”

चुलतभाऊ हसले. मी पेढे-बर्फीच्या वाट्या घेऊन मांडवातून जात होते. मीही थोडं हसले, कारण अशा वेळी न हसणाऱ्या मुलीकडे सगळे वळून बघतात.

चाकं घसरायला लागली की इंजिनचा जोर आपोआप आवरणारी एक सोय त्या गाडीत होती, आणि ते बटण तीच सोय बंद करायचं. मला हे ठाऊक होतं, कारण गाडीचं जाडजूड पुस्तक दोन्ही घरांत फक्त मी वाचलं होतं. गाडी नवी आली तेव्हा जिजूंनीच ते माझ्या हातात दिलं होतं. “तू इंग्लिश मीडियमवाली. बघ जरा, फोन कसा जोडायचा.” फोन जोडून झाल्यावर पुस्तक परत मागायला कोणी आलं नाही. मी बाकीचंही वाचून काढलं. समारंभात कोपरा धरून बसणाऱ्या माणसाला वाचायला वेळ भरपूर मिळतो.

त्या दिवशी ताईचं डोहाळजेवण होतं, नेऱ्याजवळ तिच्या सासरी. ओटी भरून झाली की ती बाळंतपणासाठी आमच्याकडे, पनवेलपलीकडे कामोठ्याला यायची होती. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. मांडवाच्या ताडपत्रीवर तो इतका वाजत होता की बायकांची तोंडं हलताना दिसायची, गाणी ऐकू यायची नाहीत.

तिला न्यायला आम्ही आमची जुनी छोटी पेट्रोल गाडी आणली होती. ती एरवी मीच चालवते. जासईच्या कंटेनर यार्डात मी नोकरी करते, आणि दोन पावसाळे त्या रस्त्यावर गेल्यावर माणूस आपोआप शहाणा होतो. चौकाचौकात ट्रेलरमधून सांडलेलं डिझेल पाण्यावर रंगीत तवंग धरून असतं. पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या साबणासारख्या होतात. तिथे मी एकच गोष्ट शिकले. ओला रस्ता जेवढा जोर घेतो तेवढाच त्याला द्यायचा. जास्त दिला की तो घेत नाही, आणि मग गाडी कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. पण घरच्यांच्या लेखी हे चालवणं नव्हतंच. “ती काय, भाजीची पिशवी आणायची गाडी,” असं जिजू एकदा म्हणाले होते आणि बाबाही हसले होते.

निघायच्या वेळी मी ताईच्या पिशव्या आमच्या गाडीत ठेवायला लागले. ताईच्या सासूबाई लगेच पुढे आल्या.

“पिशव्या जाऊ दे त्यातून. आमची सून मोठ्या गाडीनंच जाईल. लोकांना दिसू दे.”

म्हणजे लोकांना दिसावं म्हणून सात महिन्यांची गरोदर बाई अशा माणसाच्या स्वाधीन करायची, ज्याला अॅक्सिलरेटर हा दाबून ठेवायचा भाग वाटतो. जावई स्वतः नेतोय यात आईला कौतुकच होतं. बाबा पिशव्या घेऊन, आमची गाडी स्वतः चालवत पुढे गेले. मोठ्या गाडीत मागे ताई आणि आई, पुढे जिजूंच्या शेजारी मी.

ताईच्या अंगावर फुलांचे दागिने होते आणि मांडीवर ओटीचा नारळ. मी मागे वळून सीट बेल्टचं टोक तिच्यापुढे धरलं. आईने माझा हात बाजूला केला. “फुलं चुरगळतील गं.”

जिजूंनी गाडी चालू केली आणि सगळ्यात आधी ते बटण दाबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, टॉर्क म्हणजे काय माहितीये? पायाने नुसतं सांगायचं, गाडी उडते.”

टॉर्क हा शब्द ते इतक्या भक्तीने उच्चारायचे, जणू तो त्यांनी स्वतः घरी बनवला होता. त्या इंजिनमध्ये चाकं फिरवणारा तो जोर होता, यात वाद नाही. तो मिळवायला काहीच करावं लागत नव्हतं, हीच तर अडचण होती. आमची गाडी पाय दाबला की आधी थोडं कुरकुरते आणि मग निघते, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. ही डिझेल गाडी पायाचा अंगठा हलला तरी सगळा जोर मागच्या दोन चाकांवर टाकून मोकळी व्हायची. अशा गाडीला हलका पाय लागतो. जिजूंचा पाय मुळातच जड, आणि त्यात तो कोणीतरी बघत असलं की आणखी जड व्हायचा.

लावणीचे दिवस होते. शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरांनी डांबरावर चिखलाचे जाड पट्टे आणून टाकले होते आणि पावसाने ते लोण्यासारखे पसरवले होते. पहिल्याच वळणावर गाडीचा मागचा भाग किंचित बाहेर फेकला गेला.

“अहो, हळू ना,” ताई म्हणाली.

“मागची चाकं ओढतात ना हिची, म्हणून असं होतं. मजा असते ती.”

“हो ना, मोठी गाडी म्हटल्यावर हलणारच,” आई म्हणाली. आईला स्कूटरसुद्धा येत नाही. पण जावई घाबरवतोय असं म्हणण्यापेक्षा गाडी हलण्याचं शास्त्र सांगणं तिला सोपं वाटलं.

मी काय केलं? मी खिडकीवरची मूठ घट्ट धरली. मनात पूर्ण वाक्य तयार होतं, अगदी सभ्य. ते तिथेच राहिलं.

पुढे भाजीचा एक टेम्पो संथपणे चालला होता. टेम्पोच्या मागे राहणं जिजूंच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी गाडी उजवीकडे काढली आणि चिखलाच्या पट्ट्यावर असतानाच पाय पूर्ण दाबला. इंजिन ओरडलं. गाडी पुढे गेली नाही, ती वळली. समोरचा रस्ता माझ्या खिडकीत आला, मग काचेत नुसतं हिरवं शेत. टेम्पोवाल्याने हॉर्न दाबून धरला आणि कसाबसा निघून गेला. आम्ही आडवे होऊन कडेला थांबलो तेव्हा मागचं एक चाक शेताच्या कडेच्या चिखलात होतं.

“ओटीचा नारळ पडला!” आई किंचाळली.

मी ताईकडे बघितलं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते. “काही नाही झालं,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. आई सीटखाली वाकून नारळ शोधत होती.

जिजूंनी अर्थातच पुन्हा पाय दाबला. चाक जागेवर फिरत राहिलं आणि मागे चिखलाचं कारंजं उडालं. शेतात लावणी करणाऱ्या चारपाच आदिवासी बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. एकीच्या इरल्यावर चिखल गेला होता.

“ओ दादा,” ती ओरडली, “आमी लावतोय आनि तुमी उपटताय!”

बाकीच्या खदखदून हसल्या. जिजूंनी चाक बघायला खाली केलेली काच वर केली आणि आणखी जोरात पाय दाबला. चाक आणखी खाली गेलं. जोर कमी पडतोय म्हणून माणूस अडकला, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

तेवढ्यात त्यांच्या चुलतभावाचा फोन आला. फोन घेण्यासाठी त्यांनी पाय उचलला. “अरे काही नाही,” ते सांगायला लागले, “टायर कंपनीने भंगार टायर दिलेत, आणि हे ट्रॅक्टरवाले रस्ता घाण करून ठेवतात...” ते बोलत होते आणि गियरमध्येच असलेली गाडी, पायाचा त्रास थांबल्यावर, स्वतःच्या संथ गतीने हळूच चिखलातून वर आली. एका चाकाखाली दगड लागला असावा. ती रस्त्यावर चढली तेव्हा जिजू दचकले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

मग फोनवर म्हणाले, “निघाली बघ. टॉर्क रे, टॉर्क!”

ते गाडी बंद करून खाली उतरले आणि पावसात उभे राहून चाकाची चकाकती तबकडी रुमालाने पुसू लागले. मागचं दार उघडून बायकोकडे एकदा बघावं, हे त्यांना सुचलं नाही. चाक पुसून झाल्यावर त्यांनी रुमाल पिळला, आत बसले, गाडी चालू केली आणि बोट पुन्हा त्या बटणाकडे नेलं.

“आता बघा, पनवेल कसं काढतो.”

“मी रिक्षाने येऊ का मागून?” ताई हळूच म्हणाली, आणि लगेच हसली, कोणाला राग येऊ नये म्हणून. लग्नाआधी ती अशी हसत नसे.

“काहीतरीच तुझं!” आई म्हणाली. “जावई सोबत असताना रिक्षा कसली? लोक काय म्हणतील?”

आरशात मला ताई दिसत होती. तिने हसणं थांबवलं होतं, पण चेहऱ्यावर ते तसंच विसरून राहिलं होतं. पुढे गाढी नदीवरचा पूल होता, त्याच्या लोखंडी पट्ट्या, मग हायवेखालचा उतार. मी सीट बेल्ट सोडला. हात पुढे करून गाडी बंद केली. आईने मागून माझा दंड चिमटीत धरला. जिजू माझ्याकडे असे बघत होते, जणू डॅशबोर्डवरची एखादी वस्तू अचानक हलली होती.

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला, पण निघाला.

“जिजू, उतरा. ताईला घरी मी नेणार आहे.”