फोटोखाली दडलेला नंबर

ताज्या फ्लेक्सचा वास आला की मला लालबागमधली ती दुपार आठवते. मंडळाच्या रुग्णवाहिकेचं वेबपेज मी बनवलं होतं आणि वर फ्लेक्ससारखाच, हात जोडलेल्या सगळ्या कार्यकर्त्यांचा फोटो टाकला होता. मधोमध, सगळ्यांत मोठा, अर्थातच मी. कोडमध्ये चौकटीत चौकट कोंबून, माझ्या भल्यामोठ्या स्क्रीनवर नुसतं डोळ्यांनी मापून सगळं बसवलं होतं. त्या दुपारी समोरच्या खोलीतल्या काकी मोबाइल घेऊन धापा टाकत दारात आल्या. काकांच्या छातीत कळ आली होती. "अरे, गाडीचो नंबर खंय आसा? कवापासून शोधतंय, नुसती तुमची तोंडां दिसतत!" त्यांच्या छोट्या मोबाइलवर फोटो नंबरावर चढून बसला होता; नेमकी माझी हनुवटी. मी फोन लावला, गाडीही आली, पण काका तेवढे थांबले नाहीत. तेराव्यानंतर मी त्या सगळ्या चौकटी उपटून काढल्या. पहिल्याच ओळीत साधा, ठळक नंबर ठेवला आणि काकींना दाखवायला गेलो. "आता दिसता," एवढंच म्हणून त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. हल्ली कुठलंही पान केलं की मी ते आधी छोट्या मोबाइलवर उघडतो, आणि काकींचं दार उघडं असलं की गॅलरीतून मान खाली घालून जातो.